कुर्डीच्या मोगूबाई

आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात चतुर्थीच्या सकाळी ध्वनिक्षेपकावर किशोरीताई आमोणकरांचे अभंग लावायचे, ही प्रथा कोणी सुरू केली ते आता कोणालाच आठवत नाही. गेल्या वर्षी मांडवात सतरंज्या अंथरता अंथरता एका शाळकरी मुलाने विचारले, "काका, ह्या कोण गातात?" मी नाव सांगितले आणि सवयीने पुढे जोडले, "ह्यांची आई आपल्या गोव्याची. कुर्डीची." त्यावर त्याने विचारले, "कुर्डी कुठे आली?" मी तोंड उघडले आणि थांबलो. कुर्डी कुठे आहे हे दाखवायचे तर पाण्याकडे बोट दाखवावे लागते.

संपादकांनी यंदा स्मरणिकेसाठी लिहा म्हटले तेव्हा तेच उत्तर नीट लिहून काढावे असे ठरवले. मी काही संगीतातला जाणकार नाही. डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलो, पाटबंधाऱ्यांच्या कामावर उभी हयात चालली आहे. पण त्या कामामुळेच कुर्डी हे नाव मला आधी नकाशावर भेटले आणि मोगूबाई मागून कळल्या, म्हणून सुरुवातही तिथूनच करतो.

सांगे तालुक्यात साळावली नदीवर धरण झाले आणि १९८६ च्या सुमारास कुर्डी जलाशयाखाली गेले. मुक्तीनंतर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः त्या भागात जाऊन लोकांशी बोलले होते. हे पाणी सगळ्या दक्षिण गोव्याला मिळेल, असे त्यांनी सांगितले होते आणि ते खरे झाले. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या घरच्या नळाला येते ते हेच पाणी. त्यासाठी सुमारे तीन हजार माणसांना घर सोडावे लागले. भातशेती, माड, काजू, फणस, देवळे, एक चॅपेल, एक मशीद असा भरला गाव होता. लोकांना वाडे आणि वालकिणी येथे वसवण्यात आले. जुने महादेवाचे देऊळ पुरातत्त्व खात्याने दगड न् दगड सोडवून धरणाजवळ पुन्हा बांधले. जांभ्या दगडात कोरलेली प्राचीन मातृदेवता वेर्ण्याला नेली. जे हलवता आले ते हलवले. बाकीचे पाण्याखाली राहिले आणि दरवर्षी मे महिन्यात पाणी ओसरले की थोडे दिवस वर येते.

या गावात १५ जुलै १९०४ रोजी मोगूबाईंचा जन्म झाला. आईचे नाव जयश्रीबाई. त्या स्वतः गाणाऱ्या होत्या.

इथे एक गोष्ट आडपडदा न ठेवता लिहिली पाहिजे, कारण उत्सवी लेखांत ती बहुधा गाळली जाते. गोव्यातल्या देवळांच्या सेवेशी बांधलेला कलावंतांचा एक समाज होता. आज तो गोमंतक मराठा समाज म्हणून ओळखला जातो. उत्सवात देवापुढे गाणे-नाचणे ही त्या स्त्रियांची सेवा. देवळाच्या चौकात त्यांना मान होता, पण चौकाबाहेर त्याच लोकांची नजर बदलत असे. मुलांना आईचे घर, आईचा गाव आणि त्या गावाचे नाव मिळे. केरीच्या त्या केरकर, मालप्याच्या त्या मालपेकर, मंगेशीचे ते मंगेशकर आणि कुर्डीच्या त्या कुर्डीकर. गेल्या शंभर वर्षांतल्या हिंदुस्थानी संगीतातून ही गावांची नावे काढून टाकली तर काय उरेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा. आपल्या मंडळातले निम्मे लोक सांगली-कोल्हापूरकडून नोकरीसाठी गोव्यात आलेले आहेत, माझे वडीलही तसेच आले. या स्त्रिया नेमक्या उलट वाटेने गेल्या. गोव्यात देव होते, पण विद्या शिकवणारे उस्ताद आणि तिकीट काढून ऐकणारे लोक घाटापलीकडे आणि मुंबईत होते.

मुलीने मोठी गायिका व्हावे हा जयश्रीबाईंचा ध्यास होता. मोगू नऊ-दहा वर्षांची असताना त्यांनी तिला एका फिरत्या हरिदासाकडून भजने शिकवली, मग जांबावलीच्या देवळात शास्त्रीय गाण्याची तालीम मिळेल अशी व्यवस्था केली. जांबावलीचा दामोदर हा मूळचा मडगावचा देव. पोर्तुगीजांनी देवळे पाडली तेव्हा तो कुशावतीकाठी आला. स्थलांतर करून आलेल्या देवापुढे या मुलीचा सूर लागला, हे मला नेहमी आठवते, कारण पुढे तिचा सगळा गावच उठला. त्यानंतर आईने तिला चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी या नाटक कंपनीत घातले. पारोड्याच्या डोंगरावरच्या देवाचे नाव घेतलेली ही कंपनी. आणि १९१४ मध्ये आई गेली.

दहा वर्षांची पोर. कंपनी पुढे बुडाली. १९१७ मध्ये मोगू सातारकर स्त्री संगीत मंडळीत गेली. मराठी रंगभूमीवर त्या काळात बालगंधर्वांसारखे पुरुष स्त्रीभूमिका गाजवत होते, आणि इकडे बायकांची ही कंपनी गावोगाव फिरत होती. तिथे चिंतुबुवा गुरव यांच्याकडे तिची गाण्याची तालीम चालू राहिली, नृत्याचेही धडे मिळाले. पण कंपनीतल्या एका वडीलधाऱ्या नटीशी खटका उडाला आणि तिला बाहेर पडावे लागले. प्रकृती ढासळली होती. मावशी तिला औषधोपचारासाठी १९१९ मध्ये सांगलीला घेऊन आली.

सांगलीतला प्रसंग संगीताच्या गप्पांत हजारदा सांगितला जातो, तरी तो टाळता येत नाही. कोल्हापूर दरबारचे गायक उस्ताद अल्लादियाखाँ हेही तेव्हा उपचारासाठी सांगलीत होते. जाता-येता एका घरातून रियाजाचा आवाज त्यांच्या कानावर पडे. एक दिवस ते थांबले, आत गेले आणि मुलीला शिकवू लागले. सांगतात की आपल्याला शिकवणारे हे वृद्ध गृहस्थ कोण, हे मोगूला कितीतरी दिवस ठाऊकच नव्हते. त्यातली सजावट कोणी किती केली असेल ते असो. एवढे निश्चित की जयपूर-अत्रौली घराण्याचा पुरुष गोव्याच्या पोरक्या मुलीला आपण होऊन शिकवायला बसला.

आपल्या मंडळातल्या एका काकांनी मला एकदा विचारले होते, की मुसलमान उस्तादाकडे देवळात वाढलेल्या मुलीला अवघड गेले नसेल का? मला तसे वाटत नाही. अल्लादियाखाँचे घराणे आपली मूळ परंपरा स्वामी हरिदासांच्या वाटेवरच्या एका ब्राह्मण गायकापर्यंत नेत असे. ख्यालाच्या बंदिशींत कृष्ण, शंकर आणि पीर सगळेच येतात. गंडा बांधायचा विधीही असा, की त्यात कोणाचे काय हे वेगळे काढू म्हटले तर निघत नाही. पुढे मोगूबाईंनी संसार केला तो माधवदास भाटिया या गृहस्थांशी. कोकणीत बोलणारी बाई, उर्दू वळणाने बोलणारे गुरू, भाटिया यजमान, आणि मुलांचे शिक्षण मराठी मुंबईत. त्या घरातल्या कोणाला हे विलक्षण वाटले असेल असे वाटत नाही.

१९२२ मध्ये शाहू महाराज निवर्तले आणि खाँसाहेब मुंबईला आले. मोगूबाई मागोमाग मुंबईला गेल्या. वय अठरा. मुंबईत परिस्थिती निराळी होती. खाँसाहेबांचा जुना शिष्यवर्ग होता, त्या शिष्यांचे धनाढ्य आश्रयदाते होते. या नव्या मुलीला तालीम मिळणे त्यांना रुचले नाही. दबाव आला आणि शिकवणी बंद पडली. या काळाबद्दल गावगप्पा पुष्कळ आहेत, कोणाला खलनायक करायचे हे ऐकणारा कोणत्या गायिकेचा चाहता आहे त्यावर ठरते. मी त्यात पडत नाही. विद्येवर पैशाची मालकी चालत असे, त्यात खाँसाहेबांसारख्या माणसालाही माघार घ्यावी लागली, एवढे पुरे.

मोगूबाई मग काही काळ आग्रा घराण्याच्या बशीरखाँ आणि विलायतहुसेनखाँ यांच्याकडे शिकल्या. ज्याला गाण्यातले थोडेफार कळते त्याला यातली अडचण कळेल. आग्र्याची आवाज लावण्याची तऱ्हा, नोमतोम, बोलबनाव हे सारे जयपूरच्या अखंड, एकात एक गुंतलेल्या तानेपेक्षा वेगळे. खाँसाहेबांना ते कळले तेव्हा ही आपल्या वळणाची मुलगी दुसरीकडे जाते याची त्यांना रुखरुख लागली, असे सांगतात. त्यांनी मग आपले धाकटे बंधू हैदरखाँ यांच्याकडे तिची तालीम सुरू केली. हे शिक्षण काही वर्षे कसून चालले. १९३१ मध्ये हैदरखाँ मुंबई सोडून गेले. पुन्हा सगळे थांबले.

अखेर १९३४ मध्ये खाँसाहेबांनी त्यांना रीतसर गंडा बांधला. तेव्हा खाँसाहेब ऐंशीच्या घरात होते, मोगूबाई तिशीत. मार्च १९४६ मध्ये खाँसाहेबांचे मुंबईत निधन झाले, तोवर ही तालीम अखंड चालली.

मोगूबाईंना लोक 'गानतपस्विनी' म्हणतात. मीही हा शब्द अनेकदा वाचला होता, अशा पदव्या आपल्याकडे स्वस्त झाल्या आहेत म्हणून त्याकडे लक्ष दिले नव्हते. हा लेख लिहायला बसलो तेव्हा कागदावर साली मांडल्या. १९२२ ते १९३४ बारा वर्षे. १९३४ ते १९४६ बारा वर्षे. आपल्याकडे बारा वर्षांना एक तप म्हणतात. पहिले तप दाराशी थांबण्यात गेले, दुसरे आत बसून शिकण्यात. आणि हे पहिले तप काही स्वस्थ बसून काढलेले नाही. त्यातच संसार झाला, मुले झाली, जे मिळेल त्याच्याकडून शिकून घेतले आणि ज्या वाटेवर आईने हात धरून सोडले होते तिच्यावरचा विश्वास ढळू दिला नाही. देवाची भक्ती मोजायला आपण उपास, वाऱ्या, जप धरतो. मोगूबाईंची भक्ती पाहायची तर ही बारा वर्षे पाहावीत. हे माझे मत आहे, जाणकारांनी दुरुस्त करावे.

आज माझ्या ओळखीतले आईबाप मुलीला गाण्याच्या वर्गाला घातल्यावर पहिल्याच महिन्यात विचारतात, की परीक्षा कधी आणि दोन परीक्षा एकदम देता येतील का. मीही विचारले होते. म्हणून कोणाला बोलायचा मला अधिकार नाही.

दुसरे तप चालू असताना घरात काय चालले होते तेही पाहावे. मोगूबाईंना तीन मुले, किशोरी, ललिता आणि उल्हास. किशोरीताई सात वर्षांच्या असतील-नसतील तोच यजमान वारले. गाण्याच्या मैफली आणि शिकवण्या यांवर तीन मुलांचे घर चालवायचे, आणि स्वतः विद्यार्थिनी म्हणून गुरूपुढे बसायचे. किशोरीताईंनी मुलाखतींतून त्या दिवसांबद्दल सांगितले आहे. आईच्या मागे तानपुऱ्यावर बसून त्या गावोगाव गेल्या. आयोजक आईला तिसऱ्या वर्गाचे तिकीट देत, हॉटेलऐवजी कोणाच्या तरी घरी उतरवत, बिदागीत घासाघीस करत. आई काही बोलत नसे. पुढे किशोरीताई आयोजकांशी कडक वागल्या, कार्यक्रमाच्या वेळी प्रेक्षकांना सुनावले, त्याबद्दल लोकांनी त्यांना तऱ्हेवाईक ठरवले. त्या कडकपणाचे मूळ या तिसऱ्या वर्गाच्या डब्यात आहे. आईने जे गिळले त्याचा हिशेब लेकीने मागितला.

शिकवण्याची तऱ्हाही किशोरीताईंनीच सांगितली आहे. मोगूबाई स्थायी-अंतरा दोनदा गाऊन दाखवत, तिसऱ्यांदा नाही. दोन वेळांत जे उचलता येईल ते उचलायचे. ऐकताना मन दुसरीकडे गेले तर ते कायमचे गेले. आजच्या फोनवर रेकॉर्ड करण्याच्या दिवसांत ही गोष्ट कठोर वाटते. पण ज्या बाईने एकेका तालमीसाठी वर्षे मोजली, ती तिसऱ्यांदा का गाईल?

त्यांच्या श्रद्धेचा कडकपणा आणखी एका प्रसंगात दिसतो. व्ही. शांताराम यांच्या 'गीत गाया पत्थरों ने' (१९६४) या चित्रपटासाठी किशोरीताईंनी शीर्षकगीत गायले. मोगूबाईंना ते मुळीच आवडले नाही. सिनेमात गायचे असेल तर माझ्या तानपुऱ्यांना हात लावायचा नाही, अशा अर्थाचे त्यांनी लेकीला बजावले. यात त्यांचे बरोबर होते की चूक, यावर आमच्या घरात दोन तट आहेत. बायकोचे म्हणणे, पोटासाठी नाटक कंपनीत राहिलेल्या बाईने सिनेमाला नावे का ठेवावीत? मला वाटते, नाटक कंपनीत पोरक्या वयात राहिलेल्या बाईलाच ते अधिक कळत असणार. तानपुरे ही त्यांच्या घरातली देवाची जागा होती, आणि देवाच्या जागेचे सोवळे असते.

मात्र त्याच बाईने लेकीला केवळ आपल्याच घराण्यात कोंडून ठेवले नाही, हेही लिहिले पाहिजे. भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकर यांच्याकडे किशोरीताईंना शिकायला मिळाले. दार बंद झाल्यावर काय होते ते त्यांनी अनुभवले होते. त्यांच्या स्वतःच्या शिष्यांत लेकीखेरीज कौसल्या मंजेश्वर, कमल तांबे, बबनराव हळदणकर, पद्मा तळवलकर अशी नावे आहेत.

मान मिळाले, पण उशिरा. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९६८ मध्ये, पद्मभूषण १९७४ मध्ये, सत्तराव्या वर्षी. त्यांचे ध्वनिमुद्रण फार थोडे आहे. जे आहे ते ऐकताना माझ्यासारख्याला रागाची बारकाई कळत नाही, पण लय कळते. तबल्याची मात्रा आणि सूर यांच्यामध्ये सुई जाईल एवढीही फट नसते, आणि तरी घाई कुठे नाही. पाण्याच्या कामात आम्ही जिला संथ वाहणी म्हणतो तशी.

१० फेब्रुवारी २००१ रोजी मुंबईत मोगूबाई गेल्या. वय शहाण्णव. त्या आधी पंधरा वर्षे त्यांचा गाव गेला होता. त्या बातमीने त्यांना काय वाटले असेल याचा मी पुष्कळदा विचार केला आहे.

मागच्या वर्षी मे महिन्यात मी मुद्दाम कुर्डीला गेलो. सोमेश्वराचे देऊळ पाण्याबाहेर आले होते आणि वाड्याहून, वालकिणीहून लोक उत्सवासाठी आले होते. ख्रिस्ती मंडळीही आपल्या चॅपेलच्या फेस्ताला त्याच दिवसांत येतात. चिखल वाळून भेगाळलेला, माडांचे काळे बुंधे, विहिरींची कठडी, मध्येच एखाद्या घराची पायरी. बायका त्या पायऱ्यांवर बसून डबे उघडत होत्या. एक म्हातारे गृहस्थ माझ्याबरोबर चालत होते. सरकारी माणूस म्हणून आधी जरा लांबच राहिले, मग बोलू लागले. प्रत्येक जोत्याकडे बोट दाखवून ते नाव घेत, जणू घर अजून उभे आहे. एका जोत्यापाशी थांबून म्हणाले, "हें मोगूबायचें घर." मी विचारले, तुम्ही त्यांना पाहिले होते? म्हणाले, नाही, त्या कधीच मुंबईला गेलेल्या. पण रेडिओवर नाव यायचे तेव्हा बाप सगळ्यांना गप्प बसवायचा. कुर्डीकर असे रेडिओवर म्हटले की अख्खा वाडा मान ताठ करायचा.

त्या जोत्यावर कोणीतरी अबोलीची वेणी ठेवली होती. कोणी ते त्यांनाही ठाऊक नव्हते. परतताना देवळाकडून घुमटाचा आवाज येत होता आणि बायकांचे भजन चालले होते, बेसूर, पण खड्या आवाजात.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. जलाशयाच्या पातळीचे आकडे रोज सकाळी आमच्या टेबलावर येतात, मी ते रजिस्टरमध्ये चढवतो. त्या जोत्याच्या उंचीचा मी जागेवर ढोबळ अंदाज घेऊन ठेवला होता. ज्या दिवशी पातळीने तो आकडा गाठला त्या दिवशी रजिस्टरच्या समासात पेन्सिलीने एक बारीक खूण केली. कशाची म्हणून अजून कोणी विचारलेले नाही.